कासव तळ्यात सोडू का?

प्रश्न: मुलीसाठी आणलेलं लाल कानपट्टीचं कासव आता ताटाएवढं झालंय, टँक पुरत नाही, जवळच्या तळ्यात सोडलं तर चालेल ना? – एक वाचक, पुणे

उत्तर: नको हो, अजिबात नको! हा रेड-इअर्ड स्लायडर मूळचा अमेरिकेचा आणि तो एकटा जात नाही, रक्तातले कृमीही सोबत नेऊ शकतो, त्यांची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, त्यातून निघालेल्या अळ्या गोगलगायीत वाढतात आणि मग दुसऱ्या कासवात घुसतात. स्पेनमध्ये असे अमेरिकन कृमी तिथल्या देशी कासवांमध्ये सापडलेत, आणि त्या बिचाऱ्यांना त्यांची सवयच नसते. युरोपीय संघाने 1997 मध्येच स्लायडरची आयात बंद केली. आपल्याकडे मात्र दुकानात सर्रास! मोठा टँक घ्या, नाहीतर वनविभागाला विचारा. आणि हात साबणाने धुवा, कासवावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.