ज्यू लग्नात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवायचं असेल तर कोणत्या रचना निवडाव्यात?

तुमच्या भावाचं न्यू जर्सीत ज्यू मुलीशी लग्न आहे, स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो वाजवणाऱ्या चौघांचा गट) ठरलाय आणि यादी तुमच्याकडे आलीय, असं तुम्ही लिहिलंय. मी अशाच एका क्वार्टेटमध्ये चेलो वाजवते.

आधी वॅग्नरचा ‘ब्रायडल कोरस’ काढून टाका. सिनेमात नवरी चर्चमध्ये शिरताना वाजते तीच ही धून. ती ज्या ऑपेरातली आहे, तो १८५० साली रंगमंचावर आला आणि त्याच वर्षी वॅग्नरने टोपणनावाने ज्यू संगीतकारांविरुद्ध विखारी लेख छापला. कित्येक ज्यू घरांत ती धून आजही चालत नाही. मेंडेल्सोनचा ‘वेडिंग मार्च’ बहुतेकांना चालतो. तो जन्माने ज्यू, पण लहानपणीच बाप्तिस्मा होऊन तो ख्रिस्ती झाला होता, त्यामुळे नवरीच्या घरी एकदा विचारा. शूबर्टचं ‘आवे मारिया’ मात्र नकोच. कुणी गात नसलं तरी ती मेरीची प्रार्थना म्हणूनच ओळखली जाते.

‘ज्यू सुरावट’ शोधताना मी चूक केली होती. सुरुवातीच्या एका लग्नासाठी मी ब्रूखचं ‘कोल निद्रे’ सुचवलं. चेलोसाठी त्याहून सुंदर फार थोडं लिहिलं गेलंय. नवरीच्या आजींनी मला हळूच बाजूला घेऊन सांगितलं की ही योम किप्पुरची, उपासाच्या आणि प्रायश्चित्ताच्या रात्रीची धून आहे. तेव्हापासून रचनेच्या नावामागे काय आहे ते मी आधी बघते.

सगळ्यात जास्त विचार करा तो नवरीच्या फेऱ्यांचा. हुप्पाखाली, म्हणजे चार खांबांवरच्या छताखाली, अनेक घरांत नवरी नवऱ्याभोवती सात फेऱ्या घेते. कधी दोन मिनिटं लागतात, कधी चार. झगा लांब असेल तर आणखी. इथे हवं तिथे थांबता येईल असंच संगीत लागतं. म्हणून पाखेलबेलचा ‘कॅनन’. चेलोवर तेच आठ स्वर अठ्ठावीस वेळा येतात आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी थांबता येतं. ते आठ स्वर मला अजून तितकेच प्रिय आहेत. पुढे सात आशीर्वाद म्हटले जातात, तेव्हा काहीच वाजवू नये.

मग नवरा पायाखाली काचेचा पेला फोडतो, सगळे ‘मझल तोव’ (अभिनंदन) ओरडतात. त्याच क्षणी संगीत सुरू व्हायला हवं, एक श्वासही उशीर नको. इथे ‘सिमान तोव’ हे पारंपरिक गाणंच द्या. हँडेलचं ‘शेबाच्या राणीचं आगमन’ त्यानंतर, पाहुणे उठत असताना. ते बायबलमधल्या शलमोन राजाच्या कथेवरच्या ऑरेटोरिओतलं, म्हणजे अभिनयाशिवाय गायल्या जाणाऱ्या संगीतकथेतलं आहे, पण व्हायोलिनना दमवतं, म्हणून क्वार्टेटला आधी विचारा.

पाहुणे जमताना सालोमोने रोस्सी वाजवायला सांगा. हा इटलीतल्या मांतुआच्या दरबारातला ज्यू संगीतकार. दोन व्हायोलिन आणि खर्जासाठीच्या त्याच्या सिन्फोनिया, म्हणजे छोट्या वाद्यरचना, १६०७ पासून छापल्या गेल्या. त्या चौघांत सहज बसतात.

लग्न शनिवारी संध्याकाळी असेल, तर वादकांना वेळ देण्यापूर्वी रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना विचारा. सनातनी घरांत शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, संपेपर्यंत वाद्याला हात लावत नाहीत, आणि उन्हाळ्यात तो संपायला रात्रीचे नऊ वाजून जातात.