सकाळच्या कप्प्यातल्या दोन गोळ्या

"ऑपरेशनला पाच महिने झाले. गाठ साधी निघाली. गोळी एक दिवसही चुकवत नाही. तरी दुपार झाली की अंगात त्राण उरत नाही. मॅडम, मी आळशी झालेय का हो?"

थायरॉईड काढलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी या ना त्या शब्दांत नेहमी ऐकते. म्हणून या ताईंची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई शिक्षिका, वय ४४. संपूर्ण थायरॉईड काढलेली. घरच्यांच्या लेखी ऑपरेशन झालं म्हणजे दुखणं संपलं. "आता तर सगळं सुरळीत झालं ना, मग झोपून का?" हे दोनतीनदा ऐकल्यावर त्यांनी दमल्याचं बोलणंच सोडलं होतं. माझ्यासमोर पहिल्या भेटीत त्या बराच वेळ रडल्या. मी त्यांची झोप, मनाची मरगळ, आजार उलटण्याची भीती हे सगळं विचारत राहिले. त्यात दोन भेटी गेल्या. ते चुकीचं नव्हतं, पण गोळ्यांबद्दल मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तिसऱ्या भेटीला म्हटलं, "येताना गोळ्यांचा डबा घेऊन या."

सात दिवसांचा, सकाळ-रात्र असे कप्पे असलेला डबा. सकाळच्या प्रत्येक कप्प्यात थायरॉईडची बारीक गोळी आणि तिला चिकटून कॅल्शियमची जाडजूड पांढरी गोळी.

"दोन्ही एकदमच घेता?"

"हो, एकदाच घेऊन मोकळी होते. वर लगेच कॉफी."

कॅल्शियम आतड्यात थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, म्हणजे लेव्होथायरॉक्सिनला, धरून ठेवतं, त्यामुळे ते पुरेसं रक्तात शोषलं जात नाही. लोहाच्या गोळ्या आणि काही अँटासिडही हेच करतात. म्हणून यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. कॉफीनेही शोषण कमी होतं. थोडक्यात, ताई गोळी इमानेइतबारे गिळत होत्या, पण तिचा पुरता उपयोग होत नव्हता. थायरॉईड अर्धी शिल्लक असती तर तिने थोडाफार भार उचलला असता. इथे सारी मदार त्या एका गोळीवर.

हे ऐकून त्या पटकन म्हणाल्या, "मग कॅल्शियम बंदच करते." मी त्यांना तिथेच थांबवलं. थायरॉईडच्या मागे चार चिमुकल्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला तर कॅल्शियम घसरतं. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येणं, हातापायांत गोळे येणं ही त्याची खूण, आणि तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. तेव्हा गोळी थांबवायची नव्हती, तिची वेळ बदलायची होती, आणि तीही डॉक्टरांनी. मी एवढंच केलं की त्या काय, किती वाजता, कशाबरोबर घेतात हे एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद देऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला निघाला. थायरॉईडचं हार्मोन शरीराला कमी पडलं की हा आकडा वाढतो. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्यासोबत, त्यानंतर तासाभराने कॉफी आणि नाश्ता. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर. आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

पाचव्या दिवशी फोन आला. "मॅडम, काहीच फरक नाही. उद्यापासून दोन घेऊ का?"

हा मोह फार जणांना होतो, आणि तो धोक्याचा आहे. हे औषध शरीरातून निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिर व्हायला सहा-आठ आठवडे जातात. आज जास्त घेतलेल्या गोळीने आज तरतरी येत नाही. मनाने डोस वाढवत गेलं तर छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. मी म्हटलं, "तुम्ही वेळ पाळताय, ते काम झालं. आता शरीराला त्याचा वेळ द्यायचा."

पण आठ आठवडे नुसते बसून कसे काढायचे? मी त्यांना वही करायला सांगितली. सकाळ, दुपार, संध्याकाळ अंगातल्या शक्तीला दहापैकी आकडा द्यायचा आणि शेजारी त्या दिवशी काय केलं ते एका ओळीत लिहायचं. दोन आठवड्यांची पानं बघितली तर एक गोष्ट उघड दिसली. ज्या दिवशी सकाळी बरं वाटलं, त्या दिवशी ताईंनी साठलेलं सगळं उरकून टाकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा दोनवर. मग ठरवलं की जड काम सकाळी, पण एकच. आणि दुपारी गळून जाण्याची वाट न बघता आधीच वीस मिनिटं आडवं व्हायचं. हे आधी पडणं त्यांना सर्वांत अवघड गेलं. दमल्याशिवाय विश्रांती घेणं म्हणजे कामचुकारपणा, असं त्या स्वतःच मानत होत्या.

एका भेटीला त्यांच्या नवऱ्याला बोलावलं. मी फारसं बोलले नाही, वही त्यांच्या हातात दिली. ते पानं उलटत राहिले आणि हळूच म्हणाले, "मला वाटलं, ही नाराज आहे माझ्यावर."

आठ आठवड्यांनी टीएसएच मर्यादेत आला. दुपारचा आकडा तीनवरून सहावर गेला, त्यापुढे सरकेना. थायरॉईडची पातळी ठीक असूनही थकवा उरत असेल तर बाकीची कारणं शोधावी लागतात. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, लोह, बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासलं. लोह कमी निघालं, गोळी सुरू झाली.

त्या संध्याकाळी ताईंनी डब्याचा फोटो पाठवला. रोजच्या दोन कप्प्यांच्या मध्ये त्यांनी पुठ्ठ्याचा एक नवा कप्पा चिकटवला होता, वर पेनाने लिहिलं होतं 'सायंकाळी ५'. खाली मजकूर होता, "डॉक्टरांनी सांगायच्या आधी मीच विचारलं, ही या दोन्हींपासून किती लांब ठेवायची? सकाळच्या कप्प्यात आता एकच गोळी."