ऑल-माउंटन फ्रीस्टाइल स्नोबोर्ड सगळ्या उतारांवर चालतो का? एकच घ्यायचा तर तोच घ्यावा का?

प्रश्न विचारणारे सॉल्ट लेक सिटीत राहतात, मूळचे पुण्याचे. दोन सीझन भाड्याच्या बोर्डावर शिकलेत, आता स्वतःचा घ्यायचाय. दुकानदार ऑल-माउंटन फ्रीस्टाइल (सगळ्या डोंगरावर फिरायचा आणि उड्या-कसरतीही करायचा बोर्ड) घ्या म्हणतो, तर मित्र म्हणतो की असल्या बोर्डाला सगळं थोडं थोडं येतं आणि नीट काहीच येत नाही. कोणाचं ऐकू?

मित्राचं ऐकू नका.

तुमचा मित्र आणि माझे धाकटे दीर बहुतेक एकाच बाकावर बसून शिकलेत. भाऊजींचं वाक्य असं आहे: “वहिनी, तुमचा बोर्ड म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.” सहा वर्षं ऐकतेय मी हे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. घाई असेल त्यांनी थेट “आता तुमचा प्रश्न” या ओळीपासून वाचावं.

आधी एक गोष्ट. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, आणि या प्रश्नाची अर्धी गफलत तिथेच आहे. एक असतो पिठीसाखरेसारखा, फुंकर मारली तर उडणारा. दुसरा गोळेवाल्याच्या किसणीतून पडतो तसा ओला, रवाळ. तिसरी मासळी बाजारातली लादी. आणि डोंगरमाथ्यावर वाऱ्याने तयार झालेला एक चौथा असतो, वर दुधावरच्या जाड सायीसारखा पापुद्रा आणि खाली पोकळ. “हा बोर्ड बर्फावर कसा चालतो” असं कोणी विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या?

आता भाऊजींनी ज्या दिवशी ते वाक्य टाकलं त्या दिवसाची गोष्ट. आम्ही डेन्व्हरला राहतो, मी मूळची सांगलीची. आयुष्यात पहिला बर्फ (पहिल्या प्रकारचा) वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी पाहिला. ही गोष्ट घडली तेव्हा माझा चौथा की पाचवा सीझन होता. आदल्याच मार्चमध्ये सेलमध्ये बोर्ड घेतला होता: १४९ सेंमी, ट्विन (दोन्ही टोकं सारखी), पायांखाली कॅम्बर (वर उचललेली कमान) आणि टोकांना थोडा रॉकर (वर वळलेला बाक), कडकपणा दहापैकी पाच. ऑल-माउंटन फ्रीस्टाइल म्हणतात तो अगदी पुस्तकातला नमुना. भाऊजी शिकागोहून आले होते, दोन बोर्ड घेऊन. एक १६२चा कडक, डायरेक्शनल (एकाच दिशेने चालवायचा), खोल बर्फासाठी. दुसरा पार्कसाठी (उड्या आणि लोखंडी रेल-बॉक्सवर कसरती करायचा राखीव भाग), इतका मऊ की गुडघ्यावर वाकवता येईल.

रात्रीत चौदा इंच पडला. पहाटे साडेपाचला निघालो, आय-७० हायवेवर नेहमीची रांग, ब्रेकनरिज स्की रिसॉर्टच्या पीक ८ ला पोचेपर्यंत नऊ वाजले. भाऊजींनी गाडीतून मोठा बोर्ड काढला, माझ्याकडे बघितलं आणि वरचं वाक्य टाकलं.

झाडीच्या पट्ट्यात मला काहीही त्रास झाला नाही. मांडीला मांडी लावून उभ्या असलेल्या पाइनच्या झाडांमधून बोर्ड म्हणेन तिथे वळत होता. मग भाऊजी म्हणाले, बोलमध्ये (माथ्याजवळच्या वाडग्यासारख्या उघड्या उतारावर) जाऊ. इम्पीरियल एक्स्प्रेस वाऱ्यामुळे बंद होती. (ती १२,८४० फुटांवर जाते, उत्तर अमेरिकेतली सर्वांत उंच चेअरलिफ्ट. एकदा तरी जाऊन या, फक्त आदल्या रात्री भरपूर पाणी प्या.) म्हणून टी-बारने (उलट्या टीसारख्या दांडीला टेकून उभ्यानेच वर ओढून नेणाऱ्या लिफ्टने) हॉर्सशू बोलच्या माथ्यावर गेलो. टी-बारवर स्नोबोर्डवाल्यांची जी शोभा होते ती तुम्हाला माहीत असेलच. मी पडले नाही, एवढंच नमूद करते.

पहिले पाच-सहा वळसे स्वर्ग. गुडघ्याएवढा पिठीसाखरेचा ढीग, आवाज नाही काही नाही. पण सातव्या वळशाला मागची मांडी पेटली. कारण सरळ आहे. ट्विनचं पुढचं आणि मागचं टोक सारख्या लांबीचं, आणि माझे बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायचे पट्टे) बरोब्बर मधे. खोल बर्फात नाक, म्हणजे पुढचं टोक, वर राहायला हवं आणि शेपूट बुडायला हवी. बोर्ड ते आपणहून करत नसेल तर ते काम तुमच्या मागच्या मांडीला करावं लागतं. वेग असतो तोवर निभतं. खाली उतार सपाट होत आला, वेग कमी झाला, मी जरा दम खायला सरळ उभी राहिले आणि नाक असं आत गेलं की मी त्याच्यावरून पुढे डोक्यावर.

कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फातून उठायचा प्रयत्न तुम्ही केलाय का? हात टेकवावा तर खांद्यापर्यंत आत जातो. शेवटी बोर्ड काढला, आडवा टाकला, त्याच्यावर छाती टेकवून घाटाच्या पायरीवर चढावं तशी वर आले. वीस मिनिटं गेली. खाली भाऊजी फोन धरून उभे. संध्याकाळी व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, वर लिहिलेलं “वहिनी बुडाल्या”. सांगलीहून सासूबाईंचा फोन: “अगं, थंडीत पोहायला कशाला गेलीस?” तेव्हापासून दर दिवाळीला चकलीबरोबर तो व्हिडिओ दाखवला जातो. व्हिडिओ संपला की भाऊजींचं वाक्य.

ज्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही ते आता सांगते. दुपारी दोनपर्यंत सगळा पावडर, म्हणजे तो पिठीसाखरेचा बर्फ, कापून, तुडवून झाला होता. उतारावर मोगल तयार झालेले. इतिहासातले नव्हेत, माणसांच्या वळण्यांनी घडलेले बर्फाचे उंचवटे. पण नियम तोच, मोगलांसमोर भलीमोठी फौज नेऊ नये. १६२चा कडक बोर्ड दोन उंचवट्यांच्या मधल्या घळीत मावतच नाही, वळायला जागा नाही, वाकायला तयार नाही. माझा १४९चा पायांच्या मधे पिळता येतो, म्हणजे पुढचा पाय एका कडेवर आणि मागचा अजून दुसऱ्या कडेवर असं क्षणभर करता येतं. गनिमी काव्यासारखी वळत वळत मी खाली आले आणि अर्धा तास थांबले. भाऊजी आले ते मांड्या धरून. गावात परतायला फोर ओ’क्लॉक नावाची लांब, सोपी वाट आहे. मी त्या वाटेने बोर्डावर उतरले, ते गोंडोल्यात (रोपवेच्या डब्यात) बसून आले. गाडीत दुसरा बोर्ड पडून होता. दिवसभर तो तिथेच. ज्याच्याकडे दोन बोर्ड असतात त्याच्या पायात बहुतेक वेळा चुकीचा असतो, हे माझं मत तेव्हापासून आहे आणि ते मी बदलणार नाही.

बाकी भाऊजींना मी एक गोष्ट कधी सांगितली नाही, इथे सांगते. चूक बोर्डाची नव्हतीच, माझी होती. बाइंडिंग मागे सरकवायचे असतात हे मला माहीत होतं. स्क्रूड्रायव्हर घरी राहिला होता. बहुतेक बोर्डांवर भोकं दोन-दोन सेंटिमीटरवर असतात. दोन्ही पाय दोन-दोन भोकं मागे घेतले की नाक ४ सेंमी लांब आणि शेपूट ४ सेंमी आखूड, म्हणजे फरक पडला ८ सेंमीचा. आठ स्क्रू, दहा मिनिटं. आणि लिफ्टच्या पायथ्याशी साखळीने बांधलेले स्क्रूड्रायव्हर फुकट वापरायला ठेवलेले असतात, हे मला पुढच्या वर्षी कळलं! पुढच्या वर्षी साधारण तेवढाच बर्फ, तोच बोल, तोच बोर्ड, पाय मागे. मांडी शेवटपर्यंत गप्प होती. भाऊजी तेव्हा शिकागोत होते, अर्थातच.

आता तुमचा प्रश्न.

रोज सकाळी मशीनने कॉरडरॉयसारखा विंचरलेला उतार असतो, तिथे हा बोर्ड मजेत चालतो. मात्र ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या पुढे नाक थडथडायला लागतं आणि बोर्ड “बाई, पुरे” म्हणतो. तुम्हाला त्याच्याही पुढे जायचं असेल तर तुमचा प्रश्न वेगळा आहे.

पार्कमध्ये, उलट्या पायाने चालवताना, छोट्या उड्यांवर, झाडीत, वसंतातल्या दुपारच्या गोळ्याच्या बर्फात याच्याइतका समजूतदार बोर्ड दुसरा नाही. मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याच्याबरोबर शेवटचा तासभर पार्कमध्ये जाते तेव्हा गाडीत जाऊन काही बदलावं लागत नाही. दोन्ही टोकं सारखी असल्याने उलटं उतरलं तरी बोर्डाला फरक पडत नाही. माझ्या गुडघ्याला पडतो.

पापुद्र्याच्या बर्फावर कुठलाच बोर्ड चांगला चालत नाही, तिथे वजनदार माणूस चांगला चालतो.

खरी अडचण लादीवर आहे, पावडरमध्ये नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही. मध्यम कडकपणाचा बोर्ड घट्ट बर्फावर जोर दिला की पिळतो आणि कड सुटते. त्यात रेल आणि बॉक्सवर घसरायचं म्हणून लोक टोकांजवळच्या कडा गोल करून घेतात, नाहीतर लोखंडात कड अडकून तोंड फुटतं. मग तीच गोल कड सकाळच्या लादीवर धरत नाही. विळी एकच, तिच्यावर नारळ फोडायचा आणि कोथिंबीरही चिरायची, असा हा प्रकार. मी तोडगा असा काढलाय: टोकांजवळ बोटभर गोल, पायांखाली मात्र कडक धार. ती सीझनमधे दोन-तीनदा लावते, गॅरेजमध्ये बसून, स्वतः. लिब टेक आणि नू यांच्या बोर्डांची कड नागमोडी असते, ब्रेडच्या सुरीसारखी, आणि ती लादीवर जास्त ठिकाणी चावते. मैत्रिणीचा एकदा चालवला, फरक जाणवला. पण मऊ बर्फात मला ती जरा चिकट वाटली. आवडीचा भाग आहे.

आकार बघताना “ट्विन” आणि “डायरेक्शनल ट्विन” हे दोन शब्द नीट वाचा. दुसऱ्यात पाय जरा मागे किंवा शेपूट जरा जास्त कडक असते. तुमच्या वॉसाच डोंगरांत पावडर पुष्कळ, त्यामुळे पार्कचं वेड नसेल तर दुसरा घ्या. पायांखाली कॅम्बर हवाच. पूर्ण रॉकरचा बोर्ड शिकताना मायाळू वाटतो, लादीवर मात्र केळ्याच्या सालीसारखा सरकतो. भाड्याच्या दुकानात बऱ्याचदा असलेच मऊ, दयाळू बोर्ड देतात, तेव्हा पहिले दोन दिवस नवीन बोर्ड रागावल्यासारखा वाटला तर घाबरू नका. आणि एवढं करून अल्टा किंवा डियर व्हॅलीला जाऊ नका. तुमच्या घराजवळच्या या दोन ठिकाणी स्नोबोर्डला बंदी आहे, फक्त स्कीवाले. ब्रायटनला जा.

हे आधी सांगायला हवं होतं: माझं वजन ५४ किलो आहे. बोर्ड कडक की मऊ हे छापलेल्या आकड्यावर कमी आणि उभ्या असलेल्या माणसावर जास्त ठरतं. तुम्ही ८५ किलोचे असाल तर माझा “पाच” तुम्हाला पापड वाटेल. बुटाचा नंबर अकराच्या पुढे असेल तर वाइड बोर्ड बघा, नाहीतर वळताना अंगठा बर्फाला घासतो आणि तुम्ही दोष बोर्डाला द्याल. शिवाय मी कॉलोराडोच्या कोरड्या बर्फावरून बोलतेय. युटाही कोरडाच, पण तुम्ही उद्या व्हरमाँटला नोकरी धरलीत तर लादीवरचा परिच्छेद सर्वांत वर आणून वाचा. आणि पैसे मोजकेच असतील तर आधी बूट घ्या. सैल बुटात कुठलाही बोर्ड चिंध्याच.

भाऊजी येत्या फेब्रुवारीत येणार आहेत. परवा मेसेज आला: “वहिनी, या वेळी सामान वाढवत नाही, तिथेच भाड्याने घेईन म्हणतो. तुमच्यासारखा. १५६ बरा की १५८?” दोन दिवस झाले, निळ्या खुणा दिसतायत त्यांना. तो व्हिडिओ ग्रुपवर अजून आहे.

तुम्ही मात्र वजन आणि बुटाचा नंबर खाली लिहा, लांबी लगेच सांगते.