आंब्यातला ‘ब’

देवगडच्या एका बागायतदारांनी विचारलंय की पेटीवर ‘आंबा’ छापावं की ‘आम्रफळ’. कोणीतरी त्यांना सांगितलंय, ‘आम्र’ हा शुद्ध शब्द, ‘आंबा’ हा त्याचा बिघडलेला उच्चार, आणि इंग्रजी ‘मँगो’सुद्धा त्यावरूनच निघाला.

‘आंबा’च छापा. मँगोचा आम्राशी संबंध नाही. तो दक्षिणेकडचा, तमिळ-मल्याळम घराण्यातला शब्द. पोर्तुगीजांच्या तोंडी ‘मांगा’ झाला आणि पुढे इंग्रजीत गेला. ‘हापूस’ हा ‘अल्फान्सो’चा गावठी अवतार, हेही डोक्यातून काढा. पोर्तुगीज ‘अफोंसो’ गोव्याकडून सरळ वर आला, वाटेत इंग्रजी कुठेच नव्हती.

‘बिघडलेला’ हे मात्र ऐकून ऐकून कान किटलेत. आम्रात नसलेला ‘ब’ आंब्यात आला कुठून, ते स्वतःच्या तोंडात तपासा. ‘म्म्म’ असा सूर धरा आणि नाक चिमटीत दाबा. आवाज तिथल्या तिथे बंद. म्हणजे ‘म’ला ओठ मिटलेले आणि हवा नाकातून. ‘र’ला ओठ उघडे, आणि नाकाकडची वाट मागच्या मऊ टाळूने बंद केलेली. ‘म’वरून ‘र’वर जाताना ही दोन्ही कामं एकाच क्षणी व्हायला हवीत. टाळू जरा घाईने वर गेली, तर नाक बंद आणि ओठही अजून मिटलेलेच. तिथून ओठ सुटले की वाजतो तो ‘ब’. पडसं झालेला माणूस ‘मी’ला ‘बी’ म्हणतो, तोच हिशेब. म्हणून ताम्राचं तांबं झालं, आणि ‘म’पुढे ‘ल’ असला तरी तेच: अम्लावरून आंबट. आंबा आणि आंबट यांची वाटच वेगळी, हे जाता जाता.

आणि हे काही काल-परवाचं नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात, त्याने लावलेल्या आमरायांना ‘अंबावडिका’ म्हटलंय. कोकणात जागोजागी आंबेवाडी आहे. शब्द कुठला, ते सांगायला नको. सम्राटाने दगडावर कोरवलेल्या ‘ब’ला शुद्धीवाले आज खोडरबर लावायला निघालेत.

आता खरी गंमत. लॅटिनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे कमानदार छताची खोली. फ्रेंचांनी मधला स्वर गिळला, ‘म’ आणि ‘र’ एकमेकांना भिडले, आणि आंब्यातला ‘ब’ तिथेही उपटला: शांब्र, तोच इंग्रजीत चेंबर. फोटोचा कॅमेरा म्हणजे मुळात अंधारी खोली, त्याने स्वर गिळला नाही, म्हणून त्यात ‘ब’ नाही. कॉम्रेड म्हणजे एका खोलीत राहणारा, आणि हिंदीतला ‘कमरा’ पोर्तुगीजांनी आणून दिलेला. रस्त्यावरचं गटाराचं चेंबर आणि खिशातला कॅमेरा सख्खे भाऊ आहेत. ‘नंबर’चंही तसंच: लॅटिन ‘नुमेरुस’, फ्रेंचमध्ये ‘नोंब्र’. इंग्रजीत नंबर थोडक्यात लिहिताना ‘एन’पुढे ‘ओ’ येतो, तो लॅटिन ‘नुमेरो’चा, त्या शब्दात ‘ब’ अजून शिरलेला नव्हता.

ग्रीकांकडे तर देवांच्या अन्नाला ‘अँब्रोशिया’ म्हणतात. हा शब्द आमरसावरून आला असं कोणी सांगायच्या आत लिहून ठेवतो: तो आपल्या ‘अमृत’चा भाऊबंद आहे. नकाराचा ‘अ’ दोन्हीकडे, मरणाचा धातू दोन्हीकडे, फक्त ‘म’ आणि ‘र’ यांच्यामध्ये ग्रीकांचा ‘ब’ घुसला.

एक सावधगिरी. दिसला ‘ब’ की लावला नियम, असं करू नका. संस्कृतात ‘म’ थेट ‘र’ला किंवा ‘ल’ला चिकटलेला आहे का, ते आधी बघायचं. जांभळाचं मूळ जम्बू, त्यात ‘ब’ पहिल्यापासूनच हजर. तिथे हा नियम चालवणाऱ्याचं गणित चुकतं.

‘म’ऐवजी ‘न’ असला, म्हणजे ओठांऐवजी जीभ दातांशी अडली, तर ‘ब’च्या जागी ‘द’ येतो. बागेत धुडगूस घालणाऱ्या वानराला कोकणात ‘वांदर’ म्हणतात आणि शहरातली मंडळी हसतात. इंग्रजी ‘थंडर’ हा जुन्या ‘थुनोर’मध्ये असाच ‘द’ शिरून झालाय, त्याला कोणी हसत नाही. मोबाइलच्या ‘अँड्रॉइड’मध्येही आपला ‘नर’ बसलाय. ग्रीक ‘अनेर’ म्हणजे पुरुष, त्याची षष्ठी ‘अँद्रोस’, आणि मधला ‘द’ वांदरातलाच.

‘सुंदर’ही याच खाणीतला, असं माझं ठाम मत आहे. ऋग्वेदात उषेला ‘सूनरी’ म्हटलंय, म्हणजे आनंद देणारी. सूनर, मग सून्र, मग सुंदर. जुने टीकाकार मात्र ‘सु’ला ‘उन्द्’ म्हणजे भिजवणे हा धातू जोडतात आणि ‘चित्त छान भिजवतं ते सुंदर’ असा अर्थ काढतात. ही कविता झाली, व्युत्पत्ती नव्हे. संस्कृतात असा ‘द’ सहसा शिरत नाही, हा त्यांच्या बाजूने आक्षेप येईल. पण बोलणाऱ्यांच्या तोंडून प्राकृत रूपं संस्कृतात मागच्या दाराने कितीतरी आलीत, आणि ऋग्वेदानंतर ‘सूनर’ मागे पडून ‘सुंदर’ पुढे येतो, हे त्यांनी कधी समजावून सांगितलेलं नाही.