डी अँड डी ('डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं घेऊन खेळायचा कल्पनाखेळ) यात देव न मानणाऱ्या क्लेरिकला, म्हणजे पुजारी-पात्राला, मंत्र मिळतात का?

हो, मिळतात, पण तुमचा खेळ कोणत्या जगात चालला आहे त्यावर ते अवलंबून आहे. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्येच ही मुभा आहे: क्लेरिक एखाद्या देवाऐवजी तत्त्वाला वाहून घेऊ शकतो, फक्त आपली दोन डोमेन (शक्तीची क्षेत्रं) त्याने स्वतः निवडायची. मात्र 'फर्गॉटन रेल्म्स' या खेळातल्या जगात ही सवलत चालत नाही. तिथे देव खरोखर वावरतात, आणि त्याच आवृत्तीत क्लेरिकला एक आराध्य देव ठरवावाच लागतो.

'डार्क सन' या खेळमालिकेच्या अथास या जगात देवच नाहीत. तिथले क्लेरिक पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्याकडून शक्ती घेतात आणि टेम्प्लरांना (राजांच्या सेवकांना) ती जुलमी जादूगार-राजे देतात. मला स्वतःला 'एबेरॉन' (2004) हे जग सगळ्यात जास्त भावतं. तिथे देव आहेत की नाहीत हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, त्यामुळे लाचखाऊ पुजाऱ्याचेही मंत्र चालूच राहतात. मंत्र चालतो म्हणजे माणूस सज्जन, असं गावकऱ्यांना मानता येत नाही. आणि खेळणाऱ्यांनाही श्रद्धेचा विचार मनापासून करावा लागतो.

पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनची (धर्मयोद्धा-पात्राची) शक्ती मुख्यतः त्याच्या शपथेतून येते, म्हणून देव नको असेल तर तो पर्यायही बघा. पात्र बनवण्याआधी खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला एवढं नक्की विचारा: या जगात प्रार्थना ऐकणारं कुणी आहे का?