नातू एस्पेरांतो शिकतोय

प्रश्न : नातू फोनवर एस्पेरांतो शिकतोय. म्हणे एका माणसाने घरी बसून बनवलेली भाषा! इंदुरात आमची मराठी आधीच अर्धी हिंदीत बुडालेली. त्यात हे कशाला? कोणी बोलतं तरी का?
– एक आजी, राजवाडा, इंदूर

उत्तर : बोलतात, आजी. काही घरांत तर मुलं ती पाळण्यापासून ऐकतात. डोळ्यांचे डॉक्टर झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सात तिचं पहिलं पुस्तक काढलं, तेही टोपणनावाने : डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे आशा बाळगणारा. आपल्या जन्मगावी पोलिश, रशियन, जर्मन, ज्यू एकमेकांशी भांडताना पाहत ते वाढले होते. व्याकरणाचे नियम मोजून १६.

नामाच्या शेवटी ओ, विशेषणाच्या शेवटी आ. ‘बोना’ चांगलं, आधी ‘माल’ लावलं की ‘मालबोना’ वाईट. आजोबा ‘आवो’, मध्ये ‘ईन’ घातलं की तुम्ही, ‘आवीनो’. (बाईचा शब्द पुरुषाच्या शब्दाला जोड देऊन करायचा, हे मला खटकतं. तिथेही यावरून वाद आहेतच.)

शिवाय ‘पासपोर्ता सेर्वो’ नावाची यादी असते. तीत नाव असलेले लोक ही भाषा बोलणाऱ्या पाहुण्याला फुकट घरी उतरवतात. नातवाचा डोळा बहुधा त्यावरच असणार!

मराठीची काळजी या भाषेपायी करू नका. लहानपणी आपण ‘च’च्या भाषेत ‘चलाम चणीपा चवंह’ म्हणत पाणी मागायचोच की. त्याला एकदा तीही शिकवा.