ट्रकमागून गाडी न्यायची तर…

प्रश्न: एडिसनहून डॅलसजवळच्या फ्रिस्कोला बिऱ्हाड हलवतोय. भाड्याचा २६ फुटी ट्रक नवरा चालवेल, मी आणि सहा वर्षांची मुलगी त्याच्याबरोबर असू. चारही चाकांवर चालणारी (एडब्ल्यूडी) टोयोटा रॅव्ह-४ हायब्रिड गाडी मागे जोडायची आहे. दोन चाकं उचलणारी डॉली स्वस्त मिळतेय. चालेल ना? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: नाही चालणार. डॉलीवर पुढची चाकं उचलली जातात, मागची रस्त्यावर फिरत राहतात. तुमच्या गाडीत मागच्या चाकांना स्वतंत्र विजेची मोटर आहे आणि ती चाकांना कायमची जोडलेली असते. न्यूट्रलमध्ये टाकलं तरी चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार होते. त्यातून बिघाड, प्रसंगी आगही लागू शकते. म्हणून चारही चाकं वर घेणारा ट्रेलरच घ्या. ट्रक भाड्याने देणाऱ्यांच्या काउंटरवर त्याला ‘ऑटो ट्रान्सपोर्ट’ म्हणतात. टेस्लालाही हाच नियम.

वजनाचा हिशेब आधीच करा. गाडी साधारण ३,७५० पौंड आणि रिकामा ट्रेलर २,२०० पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ६,००० पौंड. हा आकडा ट्रकच्या ओढण्याच्या मर्यादेत बसतो का, ते बुकिंग करतानाच विचारा. गाडीत खोके मात्र भरू नका. ‘रिकामीच तर आहे’ म्हणत डिकीत पुस्तकं ठेवली की मागचं वजन वाढतं आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

गाडी चढवायची ती सपाट जागी, ट्रेलर ट्रकला जोडून झाल्यावर आणि इंजिनाचं तोंड पुढे ठेवून. एकाने बाहेर उभं राहून दिशा दाखवावी. चालकाने खिडकी आधीच खाली घ्यावी, कारण वर गेल्यावर दार ट्रेलरच्या फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) अडू शकतं. गिअर पार्कमध्ये टाका, पार्किंग ब्रेक लावा. पुढच्या दोन्ही टायरांवरून पट्टे घेऊन रॅचेटने (पट्टा ताणायच्या दांडीने) कचकून आवळा आणि सुरक्षा साखळी लावा. जोडणीच्या साखळ्या बॉलखाली (ट्रेलर ज्यावर बसतो त्या ट्रकमागच्या गोळ्याखाली) एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे बॉल निसटलाच तर ट्रेलरचा दांडा त्या झोळीत अडतो. तारेचा प्लग लावून ब्रेकचे आणि वळणाचे दिवे तपासा. निघाल्यावर पाच-दहा मैलांतच थांबून पट्टे पुन्हा आवळा. टायर थोडे बसतात आणि पट्टा सैल होतो, हे पहिल्या थांब्यावरच हाताला कळतं. पुढे प्रत्येक थांब्यावर तेच.

वेग ताशी ५५ मैलांवर जाऊ देऊ नका. आय-८१ महामार्गावर व्हर्जिनियात उतार लांबलचक आहेत, तिथे उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. ट्रेलर झुलायला लागला तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगही झटकायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, चाक सरळ धरा, झुलणं आपोआप ओसरतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. ओढल्या जाणाऱ्या गाडीत कुणीही बसायचं नाही. ट्रकच्या केबिनमध्ये बहुधा तीनच जागा असतात आणि मधल्या जागेला अनेकदा फक्त कमरेचा पट्टा. मुलीच्या बूस्टर सीटला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो. ट्रक बघितल्याशिवाय हे गृहीत धरू नका. तुम्हाला गाडी चालवता येत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ट्रेलर सोडा, मुलीला मागच्या सीटवर घेऊन तुम्ही गाडी चालवत या. ट्रेलरचं भाडंही वाचेल.

प्रश्न: आमची कोरोला डॉलीवर जाईल. पार्किंग ब्रेक लावायचा की सोडायचा? आणि डॉलीसकट मागे घेता येतं का?

उत्तर: तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर डॉली ठीक. पार्किंग ब्रेक सोडायचा! तो लागलेला राहिला तर मागचे टायर घासत जातात, त्यांचा एका बाजूचा भाग सपाट होतो आणि ब्रेकमधून धूर येतो. ट्रकच्या केबिनमध्ये याचा पत्ता लागत नाही. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक काही गाड्यांत इंजिन बंद करताच आपणहून लागतो. तो कसा सोडायचा हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. बांधून झाल्यावर दहा फूट पुढे जा आणि मागची चाकं फिरताहेत ना ते बाहेरच्या माणसाला बघायला सांगा.

मागे घ्यायचं नाही. डॉली क्षणात काटकोनात वळते आणि फेंडर चेपतो. त्यामुळे आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट शोधायची. मोटेल निवडतानाच त्याचं पार्किंग उपग्रह नकाशावर बघा. गॅस (पेट्रोल) भरायला कडेचा पंप घ्या आणि ट्रक गॅसवर चालतो की डिझेलवर, ते टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर आधी वाचा.

प्रश्न: फोनवरचा नकाशा पुरेल का?

उत्तर: साधा नकाशा तुम्हाला कार समजतो. गार्डन स्टेट पार्कवेवर एक्झिट १०५ च्या उत्तरेला जड ट्रकना बंदी आहे. कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर तर पूल ठेंगणे आहेत. ट्रकची उंची काचेजवळच्या स्टिकरवरून एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. ड्राइव्ह-थ्रूची कॉफी या प्रवासात विसरा. टोल आसांवर (ॲक्सलवर) मोजला जातो, त्यामुळे ट्रेलरचे दोन आसही धरले जातात. आणि मागच्या गाडीच्या काचेवरचा ईझी-पास (टोल आपोआप कापणारा टॅग) काढून ठेवा, नाहीतर तोही वाचला जाऊन त्याच्या खात्यातून वेगळा टोल कापला जाऊ शकतो.